तिसऱ्या रांगेतली काडेपेटी

—पांढरं नाही, काका. पांढऱ्याला हात लावायचा नाही. हे असं बघा – निळं बटण म्हणजे दारावरची बेल, पिवळं म्हणजे फोन, हिरवं म्हणजे कुत्रं, आणि हे लाल. लाल तेवढं नीट ध्यानात ठेवा, बाकीचं चुकलं तरी बिघडत नाही. मागे एकदा फोनच्या जागी कुत्रं भुंकलं, तर आमच्या एका नटाने शांतपणे रिसीव्हर उचलून 'हॅलो' म्हटलं आणि पुढचं पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. इतके पक्के आहेत आमचे लोक. पाठ केलं की केलं, मग समोर भूकंप होवो. काय? पांढऱ्यावर काय आहे? काही नाही. रिकामं आहे. अहो, रिकामं आहे म्हणून सांगते ना! बसा तुम्ही. जरा उजवीकडे सरकून बसा, त्या खुर्चीचा डावा पाय आखूड आहे. मला सवय झाली, तुम्हालाही होईल. इथे सगळ्यांना सगळ्याची सवय होते, तीच तर गंमत आहे.

तुम्ही विमा कंपनीतून निवृत्त झालात ना? आमच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष सांगत होते, 'आवाजाच्या खोलीला अनुभवी माणूस मिळाला.' कसला अनुभव? विम्याचा? पण बरोबर आहे म्हणा, इथेही माणूस गेल्यावरच त्याची किंमत करतात. – हसू नका, तो विनोद नव्हता. आणि शाबासकीही देऊ नका, 'एवढ्याशा वयात केवढं सांभाळतेस पोरी' वगैरे. मी काही सांभाळत नाही. मी आज रात्रीच्या गाडीने चालले, ती कोपऱ्यातली बॅग माझीच. माझी मैत्रीण दुसऱ्या शहरात ध्वनिमुद्रणाचं काम करते, तिच्याकडे. बाबांना माहीत आहे का? तुम्हाला कळलं ना, आता त्यांनाही कळेल. आमच्या घरात बातम्या अशाच पोचतात – बाहेरून.

खाली पोस्टर वाचलंत? 'हास्याचा महापूर! संपूर्ण हंगाम फक्त विनोदी नाटकं!' महापूर म्हणे. मागच्या वर्षी छत गळून पहिल्या रांगेत पाणी साचलं होतं, तेवढाच काय तो पूर. सगळा शिळ्या कढीला ऊत. पहिलं नाटक 'आत कोण आहे?' – एक कपाट आणि कपाटात लपलेला एक परका माणूस. दुसऱ्यात कपाटाऐवजी पलंग, आणि पलंगाखाली तोच माणूस. तिसरं अध्यक्षांनी स्वतः लिहिलंय, म्हणून त्यात कपाटही आहे आणि पलंगही. अध्यक्ष म्हणजे ते, काचेतून खाली बघा, ते टक्कलवाले, दिवेवाल्यावर खेकसतायत ते. दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणायचं आणि संध्याकाळी इथे येऊन तीच अपेक्षा. भिंतीला टेकून बसलीय ती नायिका. तिला आम्ही चिरतरुणी म्हणतो – आम्ही म्हणजे मी. नातवाला मांडीवर थोपटत तालमीला बसते आणि पडदा उघडला की लग्नाला आठवडा झालेली असते. 'हौशी मंडळी आहेत' म्हणताय? हौस स्वतःच्या घरात करावी, काका, दार लावून. तिकीट लावून कशाला?

आणि ते – बायकी गाऊन घालून कपाटाची कडी तपासतायत ते – ते आमचे बाबा. शाळेत गणित शिकवायचे. दिवसभर पोरांना रडवायचं आणि उरलेल्या वेळात गावाला हसवायचं, असा एकूण हिशेब. कपाटात लपलेला परका माणूस म्हणजे तेच. दार उघडतं, हे त्या गाऊनमध्ये बाहेर येतात, समोर घरमालक उभा, तो विचारतो, 'तू कोण?' – आणि हे म्हणतात, 'मी इथलाच.' झालं. एवढाच विनोद. माझ्या जन्माच्या आधीपासून हे गृहस्थ त्या कपाटातून बाहेर येतायत आणि तेच सांगतायत.

हं, तर लाल. लाल म्हणजे हसू. असे दचकू नका, अजून ऐकलंय कुठे तुम्ही. त्याचं असं आहे – सभागृहात पहिलं हसायला कुणी तयार नसतं. माणसं शेजारच्याकडे बघत बसतात, आपणच हसलो आणि ते हसण्यासारखं नसलं तर? एक हसला की मग सगळे, मेंढरांसारखे. म्हणून मंडळाची एक जुनी पद्धत आहे, बाहेर सांगत नाहीत, तुम्ही आता आतले म्हणून सांगते. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची विकायची नाही. ती बघा, वाटेला लागून, जिच्या हाताची गादी उसवलीय ती. तिथे आमची आई बसायची आणि तिचं काम एकच – पहिलं हसायचं. कधी? वाक्य संपल्यावर? छे, ते कुणीही करेल. संपायच्या अर्धा श्वास आधी. म्हणजे ते वाक्य पडायचं ते तिच्या हसण्यावरच, आणि मग भडका. अध्यक्ष तिला 'आमची काडेपेटी' म्हणायचे, सगळ्यांच्या समोर, मोठ्या कौतुकाने. बाईला काडेपेटी! आणि तीही ऐकून घ्यायची. काडीचं पुढे काय होतं, ते कुणी विचारतं?

तिला आवडायची नाटकं? अहो, घरी बाबांनी विनोद केला की आई म्हणायची, 'मीठ संपलंय.' बस, एवढंच. त्यांनी पुन्हा केला, तर म्हणायची, 'ऐकलं मी. मीठ संपलंय.' आणि प्रयोगाच्या दिवशी हीच बाई दुपारीच स्वयंपाक उरकून, मीठ घालून गरम पाण्याच्या गुळण्या करायची. घसा बसू नये म्हणून. लोक कामाला जाताना डबा घेतात, ही गुळण्या करून निघायची. मी लहान असताना विचारलं होतं तिला, एवढं तेच तेच बघून तुला हसू कसं येतं गं? म्हणाली, 'येत नाही, आणावं लागतं. भांडी घासायला हुक्की येते का कुणाला?' तुम्ही ऐकलं असेल तिचं ते हसणं – धबधब्यासारखं, वरून खाली, शेवटी एक हात छातीवर. गावभर नाव होतं. आणि माझ्या कानांना ते भांडी आपटल्यासारखं लागायचं. आणि तिचं खरं हसू कसं होतं, ते मला माहीत होतं. फक्त मला. – असं वाटत होतं मला.

शिक्षण? आलं का ते! सगळ्या काकांना तिथेच यायचं असतं फिरून फिरून. शेवटच्या वर्षाला सोडलं. आई गेल्यामुळे नाही, ते लोकांनी आपल्या सोयीने ठरवलंय, त्या आधीच सोडलं. आमचे एक प्राध्यापक होते, दर वर्षी त्याच धड्याला तोच विनोद करायचे, आणि सगळा वर्ग गुण त्यांच्या हातात असल्यासारखा हसायचा. मी उठून विचारलं, 'सर, यात हसण्यासारखं काय आहे, ते समजावून सांगाल का?' बाहेर काढलं. माफी माग म्हणाले. मी नाही मागितली. पुढचं सगळं तिथूनच घसरलं. आता तुम्ही म्हणाल, एकदा हसली असतीस तर काय बिघडलं असतं. हेच बाबा म्हणाले. शब्द न् शब्द हाच. आणि आई? ती त्या दिवशी गुळण्या करत होती.

गेल्या हंगामानंतर ती गेली. आजाराचं काय सांगायचं, आला आणि घेऊन गेला. शोकसभा इथेच. अध्यक्ष बोलले, 'ती जागा कायम रिकामी राहील.' मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि हारांची फुलं सुकायच्या आत हा माणूस आमच्या घरी येऊन मला म्हणतो, 'तू बसशील ना त्या खुर्चीवर? आवाज अगदी आईचा आहे तुझा.' मेल्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच. मी त्यांना तोंडावर सांगणार होते – पण बाबा तिथेच बसले होते, भिंतीकडे तोंड करून, आणि त्यांनी एकदाही मान वळवली नाही. म्हणून बसले. एकाच प्रयोगाला बसले. कपाट उघडलं, बाबा बाहेर आले, म्हणाले, 'मी इथलाच' – आणि मला येईना. ओढून आणलं तरी येईना. मी गप्प म्हणून मागची रांग गप्प, ती गप्प म्हणून सगळं सभागृह गप्प. अहो, इतकी वर्षं त्या एका खुर्चीकडे कान लावून बसायची सवय झालेली माणसं ती, त्यांना आपलं आपलं हसता येतंय थोडंच! आणि बाबा नुसते उभे. पुढचं वाक्य त्या हसण्यावर पाय ठेवून घ्यायचं असतं ना. पायरीच नाही म्हटल्यावर पाय ठेवणार कुठे? शेवटी पडदा पाडला.

मग कमिटी बसली आणि अक्कल चालवली. आईच्या डोक्यावरच माईक टांगलेला असायचा – पूर्वीपासून, ध्वनिमुद्रणात हशा दणदणीत यावा म्हणून, बाहेरगावच्या लोकांना ऐकवायला. तेव्हा तिचं हसणं आमच्याकडे भरपूर साठवलेलं. ते कापायचं, बटणावर घ्यायचं आणि तिसऱ्या रांगेखाली छोटा स्पीकर लावून त्यातून वाजवायचं. प्रेक्षकाला वाटणार कुणीतरी हसलं, आणि तो हसणार. हा यांचा महापूर! आणि कापायचं कुणी? मी. दुसऱ्या कुणाला येतं इथे? सगळे खाली बसले, मी इथून एकेक वाजवत गेले, आणि अध्यक्ष डोळे मिटून, टरबूज वाजवून घ्यावं तसं – 'हे जरा पोकळ आहे. हे चांगलं आहे, पुढे. हां, हे! हे भरदार आहे!' चिरतरुणीने डोळे पुसले. पुसता पुसता म्हणाली, 'माझ्या प्रवेशाला जरा मोठं ठेव हं.'

मी? मी कापून दिलं. बघता काय असं? ते तिचं हसू नव्हतंच मुळी, तो तिच्या कामाचा गणवेश होता. गणवेश फाटेपर्यंत वापरा म्हटलं. मला काही वाटलं नाही.

नंतर बाबा वर आले. या जिन्याने, धापा टाकत. ते कधी येत नाहीत वर. इथे दारात उभे राहिले आणि म्हणाले, 'ते नको. दुसरं आहे ना एक, हँगरचं.' मी म्हटलं, कुठलं हँगरचं? कळलं नाही असं दाखवलं. पण कळलं होतं. एका प्रयोगात ते कपाट अडकलं होतं, आतून कडीच निघेना. बाबा आत धडपडतायत, दार ठोकतायत, घरमालक बाहेर 'तू कोण' विचारून विचारून दमलाय, आणि शेवटी दार उचकटून बाबा बाहेर पडले ते मागे कॉलरमध्ये हँगर अडकवून. तो आकडा असा मानेमागून डोक्यावर उभा. त्यांना पत्ताच नाही. ऐटीत पुढे येऊन म्हणाले, 'मी इथलाच.' आणि आई तिचं काम विसरली. खरंच विसरली. धबधबा नाही, काही नाही – नाकातून एक फुर्रकन आवाज, मग काहीच नाही, हसू आत कोंडल्यावर श्वास अडकतो ना तसं, आणि मग हळूच, तोंडावर हात धरून – 'अहो... हँगर.' माईक डोक्यावर होता म्हणून आलं ते, नाहीतर शेजारच्यालाही ऐकू गेलं नसतं.

ते घरातलं हसू होतं, काका. दूध उतू गेलं, मांजर स्वयंपाकघरात घसरली, मी चिडून दार आपटलं आणि ते माझ्याच पायावर आलं – तेव्हाचं. बाबा घरात नसतानाचं. मला वाटायचं, या माणसाला आयुष्यभर पत्ताच नाही, तो त्या भांड्यांच्या आवाजालाच बायको समजतोय. मी म्हटलं त्यांना, ते कशाला, त्याने कुणी हसणार आहे का? तर म्हणतात, 'नाही हसणार. पण ते खरं आहे.' मी म्हटलं, म्हणजे बाकीचं खरं नव्हतं, ते तुम्हाला माहीत होतं? तर ते जिन्याचा कठडा चाचपत म्हणतात, 'रोज माहीत होतं गं. ती कामाला यावं तशी यायची. मी तिला एकदाच हसवलं, आणि तेही मला न कळता.'

आता सांगा, काय वाटलं पाहिजे माणसाला? गळा काढू? माझं डोकंच फिरलं. माहीत होतं आणि बसवत होतात? घसा सोलून निघेपर्यंत? गुळण्या दिसत नव्हत्या तुम्हाला? सगळं बोलले, इथेच, या खोलीत, खाली ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आणि शेवटी म्हटलं, ते हँगरचं पुसलं गेलं. नाहीये. संपलं. त्यांनी मान हलवली. भांडले असते तर बरं झालं असतं. मान हलवून एकेक पायरी उतरत गेले. तेव्हापासून आम्ही एका घरात दोन भाडेकरूंसारखे आहोत. मीठ संपलं तरी कुणी कुणाला सांगत नाही.

हेडफोन? ते माझे आहेत, राहू द्या. – हो, येते मी तालमीच्या आधी, कुणी नसताना. आवाज तपासायला. रोज काय तपासायचं असतं? असतं. तुम्हाला नाही कळणार, तुम्ही विमा विकला. आणि त्या पांढऱ्याकडे सारखं बघू नका! – बरं, नाही रिकामं. झालं समाधान? मोठी माणसं म्हणजे ना, खोटं पकडल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. तेच आहे त्यावर, हँगरचं. माझ्याकडे त्याची प्रत आहे, इथलं जाताना पुसून टाकणार होते. अजून पुसलं नाही, वेळ झाला नाही. नाही झाला वेळ! ते माझं आहे. यांनी तिचं ते एवढं मोठं हसणं घेतलं ना सगळं? घ्या. हे एवढंसं माझं.

चला, तालीम सुरू करतायत. दिवे बघा, निळे झाले. अध्यक्षांनी हात वर केला की तयार राहायचं. बोट लालवर ठेवा – दाबू नका, नुसतं ठेवा. तो घरमालक आला. घसा खाकरला, आता कपाटावर थाप मारेल... मारली. 'तू कोण?' विचारेल. दार उघडलं. बाबा. थांबा... थांबा... आत्ता!

उशीर. उशीर झाला, काका! वाक्य संपू दिलंत तुम्ही, मग दाबलंत. अर्धा श्वास आधी म्हटलं होतं ना? आता बघा, ते सगळं भांड्यांचं कपाट उपडं झाल्यासारखं वाजतंय, रिकाम्या खुर्चीखालून. चिरतरुणीसुद्धा दचकली. आणि बाबा – पुढचं वाक्य घ्या ना! घ्या की! बघतायत काय खुर्चीकडे, आहे का तिथे कुणी? अध्यक्ष ओरडतायत, ऐकलंत? 'पुन्हा! कपाटात जा पुन्हा!' जा म्हणे. म्हातारा माणूस, मुकाट्याने गेला बघा. दार ओढून घेतलं आतून.

तुमचा दोष नाही म्हणा. बटण कुणीही दाबेल, पण अर्धा श्वास कुठला, हे शिकवता येत नाही. ते त्या माणसाच्या खांद्यांवरून कळतं. 'इथलाच' म्हणायच्या आधी त्यांचा डावा खांदा जरासा खाली येतो, आई तेवढंच बघायची. मी तिच्या मांडीवर बसून – असो. पुन्हा लालवर बोट. या वेळेस चुकलात तर अध्यक्ष वर येतील आणि दात मोजतील तुमचे. आला घरमालक. थाप. आत काय खुडखुड चाललीय? आणखी एक थाप. बाहेर येत का नाहीत? कडी तर मी स्वतः नवीन बसवून घेतली होती, अडकायचं कारणच नाही... उघडलं.

हे काय आहे?

नाही, काका, थांबा, बोट काढा. त्यांच्या मानेकडे बघा. हँगर आहे. कॉलरमध्ये. कपाटातले सगळे हँगर त्या दिवसानंतर काढून टाकले होते, सामानवाल्याने, माझ्यासमोर. मग हा आला कुठून? घरून आणलाय म्हाताऱ्याने. गाऊनच्या आत घालून आणलाय. आणि वर चेहरा असा, जसा काही पत्ताच नाही. शी! किती वाईट अभिनय आहे बघा, किती वाईट! नजर सरळ ठेवायची सोडून वर बघतायत. खुर्चीकडे नाही. इकडे बघतायत, काचेकडे...

खांदा. खांदा खाली येईल आता. लाल नको, पांढरं.

उठा. काका, उठा त्या खुर्चीवरून. ती माझी खुर्ची आहे, उठा म्हणते ना – आणि बाहेर जाताना दार ओढून घ्या.